न रडलेलं लेकरू

"मॅडम, एक इचारू का?" मागच्या बाकावरून उठून बिरूदेव म्हणाला. "एखादं लेकरू जन्माला आलं, पन रडलंच न्हाय. तर देवाच्या लेखी ते मानूस धरायचं, का न्हाय धरायचं?"

रविवारची उपासना संपली होती. चर्चच्या मागच्या खोलीत आमचा नवख्यांचा वर्ग चालू होता. फळ्यावर मी नुकतंच लिहिलं होतं, 'माणूस हे देवाचं प्रतिरूप.' प्रतिरूप म्हणजे काय हे सांगताना मी नेहमी आरशाचं उदाहरण देते. त्या दिवशीही दिलं होतं. त्यावर हा प्रश्न आला.

वर्गाला यायला लागल्यापासून बिरूदेव पहिल्यांदाच बोलला होता. मी उत्तर द्यायच्या आत माझ्या शेजारी बसलेले साळवे सर म्हणाले, "हा विषय आजच्या पाठात येत नाही." एवढं म्हणून ते उठून बाहेर गेले. पाणी प्यायला गेले असतील असं बाकीच्यांना वाटलं. पाण्याची बाटली टेबलावरच होती.

मी बिरूदेवला म्हटलं, "माणूस धरायचं."

"रडलं न्हाय तरी?"

"रडण्यावर काही नाही."

"बरं," तो म्हणाला आणि खाली बसला.

हा प्रश्न कुणाच्या लेकराबद्दल आहे, हे खोलीतल्या तिघांनाच माहीत होतं. बिरूदेव त्या लेकराचा बाप. साळवे सर आजोबा. आणि मी त्यांची पाळक.

पाळक म्हणजे काय, ते आधी सांगते. चर्चची उपासना चालवायची, उपदेश करायचा, बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी पार पाडायचे, आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसायचं, हे पाळकाचं काम. बाईनं हे काम करणं अजून लोकांच्या तितकंसं अंगवळणी पडलेलं नाही. मी सोलापुरात आले तेव्हा लोक माझ्या मिस्टरांनाच 'रेव्हरंड' म्हणून हात जोडायचे. ते बँकेत होते. ते माझ्याकडे बोट दाखवायचे आणि निवांत चहा प्यायला लागायचे.

या कामात मला सगळ्यात जास्त आवडतो तो नवख्यांचा वर्ग. कॉलेजात आम्ही ज्याला थिऑलॉजी म्हणायचो, म्हणजे देवाविषयी नीट विचार करण्याची विद्या, ती इथे घासाघासानं भरवायची असते. देव कोण, माणूस कोण, पाप म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, येशू मेला आणि उठला असं आम्ही म्हणतो ते का म्हणतो. वर्गाला कुणीही येतं. चर्चमध्येच वाढलेली पण नेमकं काहीच न समजलेली मुलंमुली येतात. ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलेल्या सुना येतात. शहराच्या पूर्व भागातून एक तेलुगू आजी यायच्या, त्यांना फक्त गाणी आवडायची. वर्गाला आलं म्हणजे बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे असं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मग लोक जरा मोकळे बसतात.

बिरूदेव सांगोल्याकडचा. घरची मेंढरं, थोडी डाळिंबाची बाग. तो स्वतः सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात वायरमन. साळवे सरांची मुलगी करुणा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. लॅबचा इन्व्हर्टर बिघडला म्हणून हा दुरुस्तीला गेला. मग तो इन्व्हर्टर वारंवार बिघडायला लागला, तेव्हा लॅबमधल्या बाकीच्यांच्या लक्षात आलं.

साळवे सर निवृत्त हेडमास्तर, आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी. माणूस सरळ. शर्टाची इस्त्री आणि शब्दांचे उच्चार, दोन्ही कडक. करुणाचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. सर आले, जेवले, आशीर्वाद दिला. पण जावयाला नावानं हाक मारायचे नाहीत. 'अहो' म्हणायचे. करुणाला दिवस गेले तेव्हा मात्र सर विरघळले. उपासनेनंतर मला थांबवून म्हणाले, "मॅडम, घरात कुणी लहान असलं की घराचा आवाज बदलतो, नाही?"

सातव्या महिन्यात करुणाचं बीपी एकाएकी वाढलं. झटके आले. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत बाळाचे ठोके थांबले होते. ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी होती. करुणा बरेच दिवस आयसीयूत होती. मी पोहोचले तेव्हा सर बाहेर बाकड्यावर बसले होते.

"बाळ?" मी विचारलं.

"झालं ते," सर म्हणाले.

करुणा वाचली. घरी आली. पुढे कामावरही जाऊ लागली. घरातल्यांनी, नातेवाइकांनी, लॅबमधल्यांनी एकच धोरण धरलं. विषय काढायचा नाही. सगळ्यांनी ते मायेपोटीच केलं. करुणा मात्र चर्चला यायची थांबली. आणि एका रविवारी, तिच्याऐवजी, बिरूदेव येऊन वर्गात मागच्या बाकावर बसला.

"हे कशाला येतायत?" सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"शिकायला."

"तुम्ही बोलावलंत?"

"नाही. तुम्ही?"

"छे," सर म्हणाले. पण त्या दिवसापासून ते वर्गात पुढच्या बाकावर न बसता माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायला लागले. तिथून मागचा बाक नीट दिसतो.

तर तो प्रश्न विचारला त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बिरूदेव रेंगाळला. म्हणाला, "मॅडम, पंखा आवाज करतूय. बगू का?"

पंखा कितीतरी दिवसांपासून आवाज करत होता. मी स्टूल दिलं. तो वर चढला, पंख्याच्या वाटीत हात घातला आणि खाली न बघताच बोलायला लागला.

"सासरे करुणाला म्हनाले हुते, बाप्तिस्मा झाला न्हवता, तवा लेकराचं पुढं काय झालं ते आपल्याला सांगता येत न्हाय. त्या दिसापासनं ती गप हाय. माज्याशी बोलती, पन कामापुरतं. भाजी काय आनू, गॅस संपलाय, असलं. म्या म्हनलं, ही माज्याशी बोलत न्हाय, तर हिच्या देवालाच इचारावं काय म्हनतूय ते. म्हनून येतूय."

"आणि तुझं स्वतःचं काय, बिरू?" मी विचारलं. "तू बाळाला पाहिलंस?"

"नुसतं पाहिलं न्हाय, नेलं."

मग त्यानं सांगितलं. करुणा आत बेशुद्ध. नर्स येऊन म्हणाली, बाळाला तुम्ही नेणार की आम्ही व्यवस्था करू? सर म्हणाले, मला दाखवू नका. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बिरूदेवची आई गावाहून आली होती. ती पुढं झाली, तिनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, आमचं हाय, आमी नेतू. मायलेक जीपनं गावाकडं गेले. तिनं लेकराला न्हाऊ घातलं. आपल्या लुगड्यात गुंडाळलं. त्यानं शेताच्या कडेला खड्डा खणला. त्यांच्यात लहान लेकराला जाळत नाहीत, मातीतच ठेवतात. संध्याकाळी तो परत आयसीयूच्या दारात येऊन उभा राहिला.

"करुणाला हे माहीत आहे?"

"न्हाय. तिला वाटतं हास्पिटलवाल्यांनीच काय ते केलं. डॉक्टर म्हनाले, आता काय सांगू नका, बीपी वाढंल. मग पुढं कवा सांगायचं तेच कळंना."

"सरांना?"

"त्यांनी इचारलंच न्हाय."

पंखा सुरू करून बघितला. आवाज गेला होता. बिरू स्टुलावरून उतरला, हात पुसले. "मॅडम, तुमी सांगाल का तिला?"

"नाही," मी म्हटलं. "हे तुझं सांगणं आहे."

आमच्या कामात एक नियम फार पक्का आहे. कुणी विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय पुढं सांगायचं नाही, आणि परवानगी असली तरी त्याच्या तोंडचं आपण सांगायचं नाही. नवऱ्यानं बायकोला सांगायची गोष्ट पाळकानं सांगितली, तर ती फक्त बातमी होते.

मी करुणाला भेटायला गेले. याला आमच्यात पास्टोरल व्हिजिट म्हणतात. ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात निम्मा वेळ चहात जातो. करुणाचं लग्नाआधीचं सगळं आयुष्य आमच्या चर्चच्या आवारात गेलेलं. तिनं दार उघडलं आणि सांगून टाकलं, "मॅडम, बसा. पण प्रार्थना नका करू."

"बरं. चहा देशील?"

तिनं चहा टाकला. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे पुढं ठेवले. आम्ही लॅबबद्दल बोललो. मशिन नवीन आलंय, डॉक्टर चिडके आहेत. मग तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, माझी मुलगी कुठं आहे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. त्याची तयारी मी केली होती. मी तिला सांगितलं, ते थोडक्यात इथेही सांगते. पुष्कळ जुन्या काळी काही विद्वानांना प्रश्न पडला होता, की बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकरांचं काय. कुणी म्हणालं, ती स्वर्गाच्या उंबऱ्याशी थांबतात, ना आत ना बाहेर. हा एक तर्क होता. चर्चच्या विश्वासाच्या कबुलीत तो कधीच आला नाही, आणि आज बहुतेक ठिकाणी कुणी तो धरून बसत नाही. बाप्तिस्मा ही देवाच्या कृपेची खूण आहे. खूण म्हणजे, लग्नात मंगळसूत्र किंवा अंगठी असते तशी. अंगठी घालायची राहिली म्हणून प्रेम नव्हतं असं होत नाही. लेकरानं काही कमवायच्या आधीच देव त्याला आपलं म्हणतो, त्यालाच आम्ही कृपा म्हणतो. तू तिला पोटात वाढवलंस, तिनं काय कमावलं होतं म्हणून? तेवढं तुला जमतं, तर देवाला जमत नसेल?

करुणानं सगळं शांतपणे ऐकलं.

"ते बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली. "पण मी ते नव्हतं विचारलं. कुठं आहे म्हणजे, कुठं ठेवलंय तिला? कुणी नेलं? कचऱ्यात तर नाही ना टाकलं, मॅडम? मी लॅबमध्ये काम करते. हॉस्पिटलमधल्या पिशव्या कुठं जातात ते मला माहिती आहे."

उत्तर मला माहीत होतं, आणि ते मला देता येत नव्हतं.

"बिरूला विचारलंस?"

"कसं विचारू? तो कोसळेल. रात्री झोपेत रडतो. सकाळी त्याला आठवत नाही. मी विषय काढला तर तो मोडून पडेल."

मी तिचा हात धरला. "करुणा, माझं एक ऐक. टाकलेलं नाही. एवढं मी सांगते. बाकीचं बिरूला विचार. तो मोडणार नाही."

"तुम्हाला माहिती आहे?"

"त्याला विचार," मी पुन्हा म्हटलं. मी सांगितलं ते नियमाच्या थोडं पलीकडचं होतं. पण त्या पिशव्यांची शंका घेऊन तिला आणखी एकही दिवस काढू देणं मला शक्य नव्हतं.

बाहेर पडल्यावर रस्त्यातूनच बिरूला फोन लावला. पाठीमागं कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट होता.

"बिरू, आज घरी गेलास की सांग."

"आजच?"

"आजच. तुला त्रास होईल म्हणून ती विचारत नाही. तिला त्रास होईल म्हणून तू सांगत नाहीस. दोघं एकमेकांना जपताय आणि घरात कुणी बोलतच नाही."

तो म्हणाला, "व्हय मॅडम."

पुढं बरेच दिवस त्याचा काही निरोप नव्हता, तो वर्गालाही आला नाही. मग एका दुपारी चर्चमध्ये आला. मी ऑफिसात होते. दारातच उभा राहून म्हणाला, "सांगितलं."

"मग?"

"आदी समदं ऐकून घेतलं. मग इचारलं, वजन किती हुतं. म्या म्हनलं, टॉवेलच्या बंडलापरीस हलकं. मग इचारलं, डोळं मिटल्यालं हुतं का. व्हय म्हनलं. मग रडली. मग मी बी रडलो. मग तिनं पिठलं केलं. दोघं जेवलो." तो थांबला. "लई दिसांनी संगट जेवलो, मॅडम."

त्या रविवारी करुणा वर्गाला आली. उपासनेला नाही, थेट वर्गाला. बिरूच्या शेजारी मागच्या बाकावर बसली. साळवे सर त्यांच्या खुर्चीत सावरून बसले. त्या दिवशीचा पाठ खरं तर चर्चच्या कारभाराबद्दल होता. पाळक, कमिटी, बिशप वगैरे. मी फळा पुसला आणि लिहिलं, 'विलाप.'

विलाप म्हणजे देवापुढे केलेली तक्रार, असं मी वर्गाला सांगितलं. पुष्कळ लोकांना वाटतं की विश्वास म्हणजे तक्रार न करणं. आमच्या शास्त्रात तसं नाही. त्यातल्या जुन्या प्रार्थना बघा, भरपूर प्रार्थनांमध्ये देवालाच जाब विचारलाय. कुठं होतास, का झोपलास, किती दिवस असं. ते लिहिणारे देवावर रुसले होते, पण बोलायचे थांबले नव्हते. येशूसुद्धा मित्राच्या कबरीपाशी जाऊन रडला. त्या मेलेल्या मित्राला आपण पुन्हा जिवंत करणार आहोत हे माहीत असून रडला. तेव्हा आपल्याला पुनरुत्थानाची, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठण्याची आशा आहे, म्हणून आपण रडायचं नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला थिऑलॉजी येत नाही असं समजा.

तेलुगू आजी म्हणाल्या, "बरोबर हाय."

करुणानं हात वर केला. लहानपणी शाळेत करायची तसा. "पप्पांना विचारायचंय."

सर म्हणाले, "विचार."

"तुम्ही म्हणालात, बाप्तिस्मा झाला नव्हता, आपल्याला सांगता येत नाही. तुम्हाला खरंच तसं वाटतं का?"

सरांनी चष्मा काढला. तो पुसत राहिले.

"नाही वाटत," ते म्हणाले. "त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला पुस्तकातलं काहीतरी बोलणं भाग होतं. दुसरं काही बोलायला गेलो असतो तर तुझ्यासमोर रडलो असतो. तू आजारी होतीस. मी पुस्तकातलं बोललो. आणि तेही अर्धवट आठवलेलं."

"मग रडायचं होतं ना, पप्पा."

"हो," सर म्हणाले. "ते राहिलं."

मग सर उठले, मागच्या बाकापाशी गेले आणि दोघांच्या मध्ये जागा करून बसले. तो बाक दोघांपुरताच होता. तिघंही अवघडून बसले होते, पण कुणी उठलं नाही. मी उरलेला पाठ कसाबसा पूर्ण केला. काय शिकवलं ते मला आठवत नाही.

वर्ग सुटल्यावर करुणा म्हणाली, "मला तिथं जायचंय. तुम्ही पण चला. विधी करा."

आता इथे कामाची अडचण होती. कुठलाही विधी आमच्याकडे मनाला येईल तसा करता येत नाही. कशानंतर कुठली प्रार्थना म्हणायची याचा ठरलेला, लिहिलेला क्रम असतो. बाप्तिस्मा न झालेल्या बाळासाठी, कित्येक महिन्यांनी, एका हिंदू शेतकऱ्याच्या शेतात करायचा असा क्रम आमच्याकडे नव्हता. मी वरच्या, म्हणजे बिशपच्या ऑफिसला फोन लावला. तिथले रेव्हरंड माझ्याहून सीनियर.

"अंत्यविधी म्हणताय?" ते म्हणाले. "दफन तर झालंय ना?"

"झालंय."

"मग पुन्हा कसला अंत्यविधी?"

"आईनं अजून निरोप दिलेला नाही."

"क्रम कुठला वापरणार?"

"नाहीये. लिहीन."

"तुम्ही लिहिणार?"

"कुणीतरी लिहायलाच हवा. आपल्या प्रत्येक चर्चमध्ये अशा आया बसलेल्या असतात. आपण त्यांच्यासाठी काहीच लिहिलेलं नाही."

मग त्यांचा आवाज बदलला. "आमच्या घरात पण झालं होतं," ते म्हणाले. "थोरल्याच्या आधी. मिसेस अजून कधी कधी..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. "असं करा. अंत्यविधी म्हणू नका. प्रार्थना म्हणा. प्रार्थनेला परवानगी लागत नाही. आणि लिहून झालं की मला एक कॉपी पाठवा."

एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी, करुणा, बिरू आणि साळवे सर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सगळा रस्ता बिरूला झाडांची, पिकांची नावं विचारत होते. "बिरूदेव, हे काय?" "बोर हाय." "आणि ते?" "ते बी बोरच हाय, सर." मुलीच्या लग्नानंतर सरांनी जावयाला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. बिरूनंही ऐकली असणार. तो गाडी जरा जास्तच सावकाश चालवायला लागला.

बिरूची आई बांधावर उभी होती. करुणा तिला आत्या म्हणते. तिकडं सासूला तसंच म्हणतात. उंच, काटक बाई. डोक्यावरचा पदर पक्का. तिनं करुणाला जवळ घेतलं. पुढं होऊन चालायला लागली. डाळिंबाच्या बागेच्या टोकाला, एका जुन्या लिंबाखाली, दगडांचं छोटंसं आळं होतं. त्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या होत्या.

"कुत्री-शेरडं उकरत्यात म्हनून," आत्या म्हणाली. तिनं वाकून एकेक फांदी हातानंच बाजूला केली.

करुणा दगडांपाशी खाली बसली. लांब मेंढरांचा आवाज येत होता.

"आत्या, कशी होती?" करुणानं विचारलं.

आत्या तिच्याशेजारी बसली. "कपाळ तुजंच. नाक आमच्या घरचं, बसकं. डोकीवर क्यास लई. लांब बोटं. वायरमनची लेक शोभली असती बग." करुणा रडता रडता हसली. "म्या तिला न्हाऊ घातलं. च्यार तांबं पानी घातलं. गरम पान्यानं."

"गरम पाण्यानं?"

"मग?" आत्या जवळजवळ रागावली. "गार पान्यानं घालू व्हय लेकराला?"

करुणा तिच्या मांडीवर कोसळली आणि मोठ्यानं रडली. आयसीयूतून आल्यापासून ती अशी रडली नव्हती, असं बिरूनं मला नंतर सांगितलं. मी थिऑलॉजी शिकले, शिकवते. पण करुणाला महिनोन्महिने जे हवं होतं, ते मला कुठल्याच वर्गात देता आलं नसतं. आपल्या लेकराला कुणीतरी गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, लेकरासारखं वागवलं, एवढंच तिला कळायला हवं होतं.

मग मी प्रार्थना सुरू केली. मी लिहिलेला क्रम अगदी छोटा होता. मी विचारलं, नाव काय घ्यायचं? करुणा आणि बिरूनं एकमेकांकडे बघितलं. सरांना रिबेका हवं होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. बिरूच्या मनात बानू होतं. त्यांच्याकडचं आवडतं नाव. दोघं बोलेनात, तेव्हा सर म्हणाले, "बानू म्हणा."

"पप्पा, तुम्हाला तर..."

"बानू म्हणा, मॅडम. ती इथं राहते. इथल्या माणसांना हाक मारायला सोपं पाहिजे."

मी बानूचं नाव घेतलं. तिला देवाच्या हवाली केलं. हे का झालं ते आम्हाला कळत नाही, असं देवाला स्पष्ट सांगितलं. ते वाक्य मी मुद्दाम लिहिलं होतं. सरांनी एक गाणं म्हटलं. त्यांचा आवाज मध्येच गेला, तेव्हा करुणानं पुढचं म्हटलं. शेवटी आत्यानं कमरेची पिशवी सोडली आणि माझ्याकडं बघितलं. पिशवीत भंडारा होता, त्यांच्या कुलदैवताची, बिरोबाची हळद. "तुमच्या देवाला चालंल न्हवं?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "चालेल की." आत्यानं भंडारा वाहिला. थोडा वाऱ्यानं सरांच्या इस्त्रीच्या शर्टावर आला. त्यांनी तो झटकला नाही.

त्यानंतर काय झालं ते सांगते. करुणा उपासनेला येते, पण दर रविवारी नाही. ज्या रविवारी एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा असतो, त्या रविवारी मी तिला आधीच कळवते, म्हणजे यायचं की नाही ते तिला ठरवता येतं. कधी येते, कधी दोघं बानूकडं जातात. बिरूनं वर्ग पूर्ण केला. शेवटच्या दिवशी मी विचारलं, काय ठरवलंस? म्हणाला, "मॅडम, मला करुणाचा देव कळला. बरा हाय. पन माजा बिरोबा हायच की." मी म्हटलं, बरं. सर तेव्हा शेजारीच होते. तेही 'बरं' म्हणाले.

मी लिहिलेला क्रम वरच्या ऑफिसातून इतर चर्चना गेला. मग फोन यायला लागले. बहुतेक बायकांचे, आणि त्यांतल्या कित्येक साठीच्या पुढच्या. एका आजींनी विचारलं, माझं लेकरू गेलं त्याला फार वर्षं झाली, आता प्रार्थना केली तर चालेल का? त्यांच्या घरी जाऊन केली. त्यांनी त्या मुलाचं नाव पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. त्यांच्या धाकट्या मुलालाही ते नाव माहीत नव्हतं.

वर्गात मी एक बदल केला. विलापाचा पाठ पूर्वी अभ्यासक्रमात नव्हताच. आता तो दुसऱ्या रविवारी घेते. साळवे सरांचं म्हणणं, क्रम चुकतो, आधी देव, मग निर्मिती, मग पाप, हे झाल्यावर दुःख. त्यांचं बरोबर आहे, क्रम चुकतो. पण ज्याला दुःखाचा पाठ हवा असतो, तो माणूस पाप-पुण्य संपेपर्यंत थांबत नाही. तो तिसऱ्या रविवारी यायचा बंद होतो.